कौल विरुद्ध गेल्यावर

सार्वमत निवडणुकीपेक्षा कठोर असते. निवडणुकीत हरलेल्या पक्षाला काही जागा तरी मिळतात, विरोधी बाकांवर बसून बोलता येते आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा लोकांपुढे जाता येते. सार्वमतात प्रश्न एकच असतो आणि उत्तरे दोन. जी बाजू थोडी का होईना पुढे जाते, तिचे म्हणणे साऱ्या देशाचे म्हणणे ठरते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे, यावर मत दिले. ‘बाहेर’च्या बाजूने १ कोटी ७४ लाख मते पडली आणि ‘राहा’च्या बाजूने १ कोटी ६१ लाख, म्हणजे ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के. देशातले जवळजवळ निम्मे मतदार एका रात्रीत हरले. ज्यांचे संसार या निकालावर अवलंबून होते, पण ज्यांना मतच नव्हते, असे सुमारे तीस लाख लोक त्यांच्याखेरीज होते.

कौल विरुद्ध गेल्यावर माणसे काय करतात, हे पाहण्यासाठी ब्रिटनची त्यानंतरची पाच वर्षे सोयीची आहेत. तिथले डॉक्टर, समुपदेशक आणि समाजशास्त्रज्ञ यांनी हा काळ जवळून तपासला आहे.

निकालाची रात्र

मतदान रात्री दहाला संपले, तेव्हा ‘राहा’ची बाजू निश्चिंत होती. ‘बाहेर’च्या बाजूचे नायजेल फराज यांनीही आपली बाजू थोडक्यात हरेल असे वाटते, हे बोलून दाखवले होते. पौंडाचा भाव दीड डॉलरपर्यंत चढला. मध्यरात्रीच्या सुमारास न्यूकॅसलचा निकाल आला. ‘राहा’ तिथे जिंकले खरे, पण जेमतेम ५०.७ टक्क्यांनी. काही मिनिटांतच शेजारच्या संडरलंडने ६१ टक्के मते ‘बाहेर’ला दिल्याचे जाहीर झाले आणि पौंड कोसळू लागला. पहाटे पाचच्या आत बीबीसीवर निवेदक डेव्हिड डिंबल्बी यांनी निकाल स्पष्ट झाल्याचे सांगितले. पौंड १९८५ नंतरच्या नीचांकावर पोचला होता. सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पद सोडण्याची घोषणा केली. रात्री ‘राहा’ जिंकणार म्हणून झोपी गेलेल्यांना उठल्यावर यातले काहीच ओळखीचे वाटेना.

देशही एकजिनसी हरला किंवा जिंकला नव्हता. लिंकनशरमधल्या बॉस्टनने ७५ टक्क्यांहून अधिक मते ‘बाहेर’ला दिली, तर लंडनमधल्या लँबेथने ७८ टक्क्यांहून अधिक ‘राहा’ला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने राहण्याचा कौल दिला, इंग्लंड आणि वेल्सने बाहेर पडण्याचा. तरुणांचा मोठा भाग एका बाजूला आणि पासष्टीपुढच्यांचा मोठा भाग दुसऱ्या बाजूला गेला. त्यामुळे ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत जेवणाच्या टेबलाशीच बसलेले होते.

निराशा वेगळी, काळजी वेगळी

पुढचे सगळे समजून घेण्यासाठी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. निराशा झालेल्या गोष्टीची असते आणि काळजी होऊ घातलेल्या गोष्टीची. दोन्ही एकाच रात्री येतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण त्यांच्या जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत.

निवडणुकीतली निराशा बहुधा अपेक्षेपेक्षा लवकर ओसरते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४च्या टेक्सासमधल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत हे पाहिले होते. अ‍ॅन रिचर्ड्स हरल्या आणि जॉर्ज बुश धाकटे जिंकले, तर महिनाभराने आपल्याला कसे वाटेल, असे मतदारांना आधी विचारले गेले. रिचर्ड्स यांच्या समर्थकांनी आपण पार खचून जाऊ असे सांगितले होते. प्रत्यक्षात महिन्याभराने ते त्यांच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा बरेच बरे होते. मन स्वतःची समजूत काढते, नवी कारणे शोधते, रोजच्या कामात गुंतते. मात्र आपल्या मनाला हे जमते, याचा अंदाज माणसाला आधी येत नाही.

पहिला धक्का मात्र खराच असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले सोतिरिस वांदोरोस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या औषधचिठ्ठ्यांची सरकारी आकडेवारी तपासली. सार्वमतानंतर नैराश्यावरच्या गोळ्या लिहून देण्याचे प्रमाण इतर औषधांच्या तुलनेत १३.४ टक्क्यांनी वाढलेले त्यांना आढळले. नेमक्या कोणत्या बाजूच्या मतदारांनी त्या घेतल्या हे यातून कळत नाही आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पण अनिश्चितता दवाखान्यापर्यंत पोचली होती, एवढे त्यातून दिसते.

टेक्सासची निवडणूक निकालाबरोबर संपली होती. ब्रेक्झिट, म्हणजे संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया, निकालाबरोबर सुरू झाली. बाहेर पडायचे म्हणजे कसे, कधी आणि कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर नव्हते. संघ सोडण्याची औपचारिक सूचना २९ मार्च २०१७ रोजी दिली गेली, ब्रिटन प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी आणि जुने नियम संपले त्या वर्षाच्या शेवटी. निराशा ओसरायला वेळ मिळत होता, पण काळजीला रोज नवे खाद्य पुरवले जात होते.

ज्यांना मत होते आणि ज्यांना नव्हते

या सार्वमतातल्या मतदानाच्या हक्काची एक गंमत महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकाला चटकन कळेल. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मत देता येते. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर लंडनला आलेला पुण्याचा संगणक अभियंता मतदार यादीत नाव घालून या सार्वमतात मत देऊ शकत होता. युरोपीय देशांच्या नागरिकांना मात्र, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस वगळता, मत नव्हते. वीस-वीस वर्षे कर भरलेला फ्रेंच शिक्षक किंवा पोलिश गवंडी निकालाची वाट नुसताच बघत बसला.

याच दुसऱ्या रांगेत हजारो गोवेकर होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथले नागरिकत्व मिळवता येते. आजोबांचा जन्मदाखला शोधायचा, लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंद करायची, भारतीय पासपोर्ट सोडायचा आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटन गाठायचे, हा मार्ग सासष्टीच्या गावागावांत ठाऊक होता. साउथॉल, हाउन्स्लो, वेंब्ली आणि विशेषतः स्विंडन इथे या मंडळींच्या मोठ्या वस्त्या झाल्या. गोदामे, कारखाने, विमानतळावरची कामे, वृद्धाश्रमांतली सेवा ही त्यांची पोटापाण्याची साधने. स्विंडनने जवळजवळ ५५ टक्के मते ‘बाहेर’ला दिली. म्हणजे ज्या गावात घर केले, त्याच गावाने आपल्या येण्याचा मार्ग बंद करायचे ठरवले, असा या कुटुंबांनी निकालाचा अर्थ घेतला तर नवल नव्हते.

त्या उन्हाळ्यात नुसत्या भावनेचाच प्रश्न नव्हता. ब्रिटिश गृहखात्याच्या नोंदींनुसार जुलै २०१६ मध्ये वंश किंवा धर्मावरून झालेले गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी वाढले. त्यावर सामान्य लोकांनी शोधलेला एक उपाय अगदी स्वस्त होता. ‘माझ्याशेजारी बसायला भिऊ नका’ हे परक्या माणसाला कळावे म्हणून अनेकांनी कपड्यांवर रिकामी सेफ्टी पिन लावायला सुरुवात केली. पिनेने गुन्हे थांबत नाहीत, हे लावणाऱ्यांनाही कळत होते. पण बसमध्ये घाबरून बसलेल्याला समोरच्याच्या कोटावर ती दिसली, तर तेवढा प्रवास तरी बरा जात होता.

काळजीचे काउंटर

‘बाहेर’च्या प्रचारकांनी मतदानाच्या आधी, १ जून २०१६ रोजी, आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना आपोआप कायम राहण्याचा हक्क मिळेल, असे लेखी निवेदन दिले होते. निकालानंतर हेच लोक वाटाघाटीतले हुकमी पान झाले. त्यांच्या हक्कांची हमी आधीच द्यावी, अशी दुरुस्ती हाउस ऑफ लॉर्ड्सने १ मार्च २०१७ रोजी मंजूर केली. कॉमन्स सभागृहाने ती दोन आठवड्यांच्या आत फेटाळली. ब्रिस्टलमध्ये २०१६च्या उन्हाळ्यात सुरू झालेली ‘द थ्री मिलियन’ ही संघटना याच हमीसाठी झगडत होती. ‘इन लिंबो’ या नावाने युरोपीय रहिवाशांच्या अनुभवकथनांचे पुस्तकही २०१७ मध्ये निघाले. आपल्यासारखे इतर आहेत, एवढे कळण्यानेही त्यातल्या अनेकांना आधार मिळाला.

खरा उतारा पडला तो कागदाने. युरोपीय रहिवाशांसाठीची ‘सेटलमेंट स्कीम’ मार्च २०१९च्या अखेरीस सर्वांना खुली झाली आणि ३० जून २०२१ ही मुदत ठरली. आधी ६५ पौंड शुल्क जाहीर झाले होते, ते ओरड झाल्यावर रद्द झाले. अर्ज मोबाइलवरून होता. पासपोर्टचे पान कॅमेऱ्यासमोर धरायचे, मग फोन पासपोर्टवर टेकवून आतली चिप वाचली जाईपर्यंत हलवायचा नाही. त्यानंतर स्वतःचा चेहरा गोल चौकटीत आणायचा आणि पडद्यावर रंगांचे झोत येत असताना स्थिर राहायचे. पुढे पत्ता, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि गुन्हे नोंदीविषयी काही प्रश्न. या क्रमांकावरून करखात्याच्या नोंदी तपासल्या जात. पाच वर्षांचा सलग रहिवास दिसला तर ‘सेटल्ड’, कमी दिसला तर ‘प्री-सेटल्ड’.

सरळ नोकरी आणि नियमित पगार असणाऱ्याला हे काम एका संध्याकाळचे होते. अडचण इतरांची. पहिल्या सहा-सात महिन्यांत चिप वाचण्याची सोय अँड्रॉइडवरच चालत होती, आयफोनवर ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. रोखीत पगार घेणारे, मुलांना सांभाळत घरी राहिलेली आई, नातवंडांसाठी येऊन राहिलेले आजी-आजोबा यांच्या नावावर करखात्यात काहीच नसे. मग बँकेची पत्रके, विजेची बिले, शाळेची पत्रे जमवावी लागत. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर आणि बायको भारतीय पासपोर्टवर, अशा गोवेकर घरांत तर दोघांची प्रक्रियाच वेगळी होती. बायकोला बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रावर जावे लागे.

इथे कामी आली ती शेजारची माणसे. गृहखात्याने ५७ स्वयंसेवी संस्थांना अर्जदारांच्या मदतीसाठी ९० लाख पौंडांचे अनुदान दिले. टेबलावर दोन फोन आणि एक कागदांची फाइल घेऊन बसलेला, आपली भाषा बोलणारा कार्यकर्ता हा या काळातला खरा समुपदेशक होता. त्याने कोणाची समजूत काढली नाही, अर्ज भरून दिला. मुदतीपर्यंत ६० लाखांहून अधिक अर्ज आले. मंजुरी मिळाली तरी हातात कार्ड मिळत नव्हते, हक्काची नोंद फक्त ऑनलाइन राहत होती. ही टोचणी पुढेही राहिली. पण ‘मला घालवून देतील का’ हा प्रश्न मात्र संपला.

ब्रिटिश नागरिकांनीही आपापली काउंटरे शोधली. आयर्लंडमध्ये जन्मलेले आजी किंवा आजोबा असलेल्यांनी आयरिश पासपोर्टसाठी रांगा लावल्या. ‘बाहेर’चे समर्थक खासदार इयन पेझ्ली धाकटे यांनीही आपल्या मतदारांना, मिळत असेल तर आयरिश पासपोर्ट घ्या, असा सल्ला दिला. नाझी राजवटीत नागरिकत्व हिरावलेल्या ज्यूंच्या वंशजांनी जर्मनीकडे अर्ज केले. करार न होता बाहेर पडावे लागले तर इन्सुलिनचे काय, ही मधुमेहींची धास्ती अवास्तव नव्हती, कारण ब्रिटनमधले बहुतेक इन्सुलिन आयात होते. सरकारने २०१८च्या ऑगस्टमध्ये औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा ठेवायला सांगितले.

घरातला मतभेद

सारा होबोल्ट, थॉमस लीपर आणि जेम्स टिली या संशोधकांना असे दिसले की सार्वमतानंतर ‘राहा’वाला आणि ‘बाहेर’वाला या दोन नव्या ओळखी तयार झाल्या. त्या पक्षांच्या सीमा ओलांडून गेल्या आणि पक्षनिष्ठेइतक्याच घट्ट झाल्या. दुसऱ्या बाजूचा माणूस अप्पलपोटा किंवा कोत्या मनाचा, असा ग्रह दोन्हीकडे होता. ‘रिलेट’ या दाम्पत्य-समुपदेशन संस्थेकडे ब्रेक्झिटवरून भांडणारी जोडपी येऊ लागली.

वाद घालून मत बदलते हा भ्रम अशा वेळी महागात पडतो. जिथे ताण कमी झाला, तिथे माणसांना मतांऐवजी कामाने किंवा जेवणाने एकत्र आणलेले दिसते. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, खासदार जो कॉक्स यांची वेस्ट यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावी हत्या झाली. आपल्याला वेगळे करणाऱ्या गोष्टींपेक्षा एकत्र आणणाऱ्या जास्त आहेत, असे त्या संसदेतल्या पहिल्या भाषणात बोलल्या होत्या. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी ‘ग्रेट गेट टुगेदर’ या नावाने देशभर गल्लीजेवणे झाली आणि पुढे दरवर्षी होत राहिली.

दुसरा प्रयोग सप्टेंबर २०१७ मध्ये मँचेस्टरला झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले ५० नागरिक दोन शनिवार-रविवार एकत्र बसले. त्यांत ‘बाहेर’वाले थोडे जास्त होते, जसे देशात होते. ‘कोण बरोबर’ हा प्रश्न त्यांना दिलाच नव्हता. बाहेर पडायचेच आहे तर व्यापार आणि स्थलांतर यांचे नियम कसे असावेत, हा दिला होता. तज्ज्ञांना ऐकून, छोट्या टेबलांवर बोलून त्यांनी युरोपशी जवळचा व्यापार आणि स्थलांतरावर काही नियंत्रण असा मधला मार्ग निवडला. सरकारने त्या मार्गाने जाणे टाळले ही वेगळी गोष्ट. पण प्रश्न बदलला की बोलणे शक्य होते, हे तिथे दिसले.

बातम्यांचा मारा

‘मेंटल हेल्थ फाउंडेशन’ने २०१९ मध्ये करून घेतलेल्या पाहणीत दहापैकी चार जणांनी ब्रेक्झिटमुळे आपल्याला हतबल वाटल्याचे सांगितले. राग आणि काळजी सांगणारेही जवळपास तितकेच होते. संसदेत मध्यरात्रीपर्यंत मतदाने चालत, मुदती टळत, आणि प्रत्येक घडामोडीचा फोनवर ठणाणा होई. शेवटी स्काय न्यूजने ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटचा शब्दही न काढणारी एक वेगळी वाहिनीच संध्याकाळपुरती सुरू केली.

काळजीसाठी तिथली सरकारी आरोग्यसेवा जे स्वयंमदतीचे उपाय सांगते, ते साधे आहेत. दिवसातला थोडा वेळ काळजीसाठी राखून ठेवायचा. इतर वेळी मनात आलेली शंका कागदावर टिपून ‘संध्याकाळी बघू’ म्हणून बाजूला सारायची. संध्याकाळी यादी काढून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यावर मला काही करता येते का? येत असेल तर काय आणि केव्हा हे तिथेच लिहायचे. येत नसेल तर ती ओळ खोडायची. ‘व्हिसाचे कागद कुठे आहेत?’ ही पहिल्या जातीची ओळ, ‘दहा वर्षांनी या देशाचे काय होईल?’ ही दुसऱ्या जातीची.

या उपायांना एक किंमतही आहे. ब्रेट फोर्ड आणि मॅथ्यू फाइनबर्ग यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात असे दिसले की राजकारणाचा ताण आला असता मन दुसरीकडे वळवणाऱ्यांना बरे वाटते, पण राजकीय काम करण्याची त्यांची इच्छाही कमी होते. म्हणून बातम्या पूर्ण बंद करण्यापेक्षा त्यांची वेळ ठरवणे बरे.

हरलेल्यांनी काय केले, जिंकलेल्यांना काय मिळाले

अनेकांनी निराशेला काम दिले. ‘द न्यू युरोपियन’ हे साप्ताहिक ८ जुलै २०१६ रोजी फक्त चार अंकांसाठी म्हणून निघाले आणि वाचक मिळाल्यावर चालूच राहिले. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दुसऱ्या सार्वमताच्या मागणीसाठी लंडनच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. संघ सोडण्याची सूचना मागे घ्या, या याचिकेवर ६० लाखांहून अधिक सह्या झाल्या. यातून निकाल फिरला नाही. डिसेंबर २०१९च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांना ८० जागांचे बहुमत मिळाले आणि प्रश्न मिटला. पण ज्यांनी चार वर्षे काही केले, त्यांना निदान आपण गप्प बसलो नाही, हे समाधान होते.

जिंकलेल्यांनाही निराशेने सोडले नाही. २९ मार्च २०१९ हा बाहेर पडण्याचा ठरलेला दिवस होता. त्यासाठी संडरलंडहून निघालेला मोर्चा त्याच दिवशी लंडनला पोचला, पण ब्रिटन अजून संघातच होता. आपले मत कचऱ्यात टाकले, ही त्यांची भावना ‘राहा’वाल्यांच्या दुःखाइतकीच खरी होती.

हरणारे निकाल का मानतात, यावर राज्यशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. पुढची संधी दिसत असली की पराभव सोसतो, हे त्यातले सूत्र. गोव्याला याचे उदाहरण घरचे आहे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याची बाजू ३४ हजार मतांनी हरली. मराठी शाळांत आणि वाड्यावाड्यांत त्याचे दुःख खोल होते. पण अडीच महिन्यांच्या आत विधानसभेची निवडणूक झाली, विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण गेले, तरी त्या मतदारांचे प्रतिनिधित्व गेले नाही. ब्रिटनच्या हरलेल्यांना अशी जवळची संधी मिळाली नाही. जून २०१७ची निवडणूक झाली, पण तिच्यातून कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नाही.

ब्रिटनच्या पाच वर्षांचा हिशेब असा मांडता येतो. निराशेला औषध वेळ आहे, सोबत आहे आणि हाताला काम आहे. काळजीला औषध उत्तर आहे, आणि ते बहुतेक वेळा माणसाच्या मनात नसते, सरकारी कार्यालयात असते. राहण्याच्या हक्काचा जो निर्णय २०१७च्या मार्चमध्ये एका दुरुस्तीने घेता आला असता, तो लाखो कुटुंबांच्या हातात पडायला पुढे दोन ते चार वर्षे गेली. तेवढ्या झोपेचे नुकसान मतदारांनी केले नव्हते, सरकारने केले होते. जिंकणाऱ्या सरकारने पहिल्याच दिवशी हरलेल्यांना आणि मत नसलेल्यांना ‘तुमचे काय होणार’ हे लेखी सांगावे. कौल कोणताही असो, एवढे काम तरी त्याला करता येते.